विलिविली: जुनी झाडे वाचली, मग रोपे का दिसत नाहीत?

पानगळ:

नमस्कार. हवाई बेटांच्या कोरड्या बाजूला उगवणाऱ्या विलिविली या झाडाविषयी सध्या वाचत आहे आणि जितके वाचावे तितक्या शंका वाढत चालल्या आहेत. झाडाचे शास्त्रीय नाव एरिथ्रिना सँडविचेन्सिस, म्हणजे ते पांगाऱ्याच्याच प्रजातीतले, मात्र जगात इतरत्र कुठेही नैसर्गिकरीत्या न आढळणारे. छायाचित्रांत बहुतेक वेळा एकही पान नसलेले, गाठाळ आणि बुंध्याशी फुगलेले झाड दिसते आणि फांद्यांच्या टोकांवर फिकट केशरी फुलांचे घोस दिसतात. अशा चित्राखाली कुणी लिहितो की झाड ऐन बहरात आहे, आणि तशाच दुसऱ्या चित्राखाली कुणी लिहितो की झाड कीड लागून मरत आहे. यातला फरक बघणाऱ्याने कसा ओळखावा?

दुसरी शंका त्या किडीविषयीची आहे. २००५ मध्ये एका परक्या गांधीलमाशीने या झाडांचा फडशा पाडायला सुरुवात केली आणि २००८ मध्ये तिच्यावर उपाय म्हणून आफ्रिकेतून दुसरी गांधीलमाशी आणून सोडण्यात आली, असे वाचले. उंदरांसाठी मुंगूस आणून पस्तावलेल्या बेटांनी पुन्हा तोच मार्ग का धरावा, हे मला समजले नाही. आणि तो उपाय लागू पडला असेल, तर जंगलात नवी झाडे उभी राहत नाहीत अशी तक्रार आजही का ऐकू येते? ज्यांनी ही झाडे प्रत्यक्ष पाहिली आहेत किंवा या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

लाव्हाकाठ:

मी माउई बेटावर काही वर्षे राहिलो आहे, तेव्हा पहिल्या शंकेपुरते लिहितो.

ही बेटे उष्ण कटिबंधात असली तरी सगळीकडे हिरवीगार नाहीत. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे डोंगरांच्या समोरच्या उतारांवर पाऊस ओततात आणि पलीकडची बाजू पर्जन्यछायेत राहते. हालेआकाला पर्वताच्या आडोशाला असलेल्या किहेई परिसरात वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च या काळात. म्हणजे पाऊस थंडीत आणि कोरड उन्हाळ्यात, असे तिथले वर्ष आहे. विलिविलीचे सगळे वेळापत्रक या उलट्या पावसाळ्यावर बेतलेले आहे: हिवाळी पावसावर पालवी धरायची, जमीन तापू लागली की पाने टाकून द्यायची, आणि खोडात साठवलेल्या पाण्याच्या भरवशावर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात फुलायचे. निष्पर्ण झाड ही त्याची सर्वसामान्य उन्हाळी अवस्था आहे. एवढेच नव्हे, तर शेजारी उभ्या असलेल्या दोन झाडांचे वेळापत्रकही तंतोतंत जुळत नाही; एक पूर्ण उघडे आणि दुसऱ्यावर अजून पाने, असे दृश्य नेहमीचे आहे. बागेत, जिथे नळाचे पाणी मिळते, तिथे झाड बराच काळ पाने धरून ठेवते.

रोगट आणि झोपलेले झाड ओळखायचे असेल तर फांदीच्या शेंड्याकडे पाहावे. निरोगी झाडाची पाने पिवळी पडून देठापासून स्वच्छ गळतात आणि मागे राहिलेली डहाळी टणक असते; नखाने साल किंचित खरवडली की आत ओला हिरवा थर दिसतो. किडीने पोखरलेल्या झाडावर पाने मुळात नीट उलगडलेलीच नसतात. देठ फुगलेले, पानाच्या कडा आत वळलेल्या, संपूर्ण पातीवर गाठी आणि प्रत्येक गाठीवर टाचणीच्या अग्राएवढे भोक, जिथून आतली माशी बाहेर पडून गेलेली असते. असे पान हातात घेतल्यावर त्याचे वजन जाणवते, कारण पानाच्या जागी गाठीच वाढलेल्या असतात. मेलेल्या फांदीची साल सहज सोलून निघते आणि आतले लाकूड भुसभुशीत लागते.

फुलांच्या रंगाविषयी थोडे. केशरी हा सर्वाधिक आढळणारा रंग असला तरी पिवळी, गुलाबीसर, जवळजवळ पांढरी आणि फिकट पोपटी फुले येणारी झाडेही एकाच उतारावर भेटतात. पांगाऱ्याचा भडक तांबडा रंग डोळ्यांसमोर ठेवून पाहणाऱ्याला पोपटी फुलांचे विलिविली ओळखूही येणार नाही.

कीटकवही:

दुसऱ्या शंकेचे उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

आपण म्हणता ती कीड म्हणजे क्वाड्रास्टिकस एरिथ्रिनी. ती जेमतेम दीड मिलिमीटर लांब असते आणि ‘गांधीलमाशी’ या शब्दाने जे चित्र डोळ्यांपुढे येते त्याच्याशी तिचा काहीही संबंध नाही. ती माणसाला चावत नाही. मादी कोवळ्या पानांत, देठांत आणि शेंड्यांत अंडी घालते, अळीच्या भोवती झाडाच्या पेशी वाढून गाठ तयार होते, अळी त्याच गाठीत वाढते, तिथेच कोष करते आणि प्रौढ होऊन भोक पाडून बाहेर येते. हे सगळे चक्र सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण होते. सिंगापूर, मॉरिशस आणि रियुनियन येथील नमुन्यांवरून या जातीचे वर्णन २००४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि एप्रिल २००५ मध्ये ती ओआहू बेटावर सापडलीसुद्धा. पुढे काही महिन्यांतच ती सर्व प्रमुख बेटांवर पोहोचली. वारा अडवण्यासाठी लावलेल्या आणि शोभेच्या परक्या पांगाऱ्यांच्या रांगा तिने जवळपास संपवल्या, आणि विलिविलीच्या बाबतीत तर हिवाळ्यात फुटलेली पालवी वर्षभराचे अन्न तयार करण्याआधीच निकामी होऊ लागली. ज्या झाडाला पाने धरायला वर्षातले थोडेच महिने मिळतात, त्याची तीच मिळकत बुडाली की दोन-तीन हंगामांत साठा संपतो. काही निवडक झाडांच्या खोडांत कीटकनाशक टोचून ती जगवण्यात आली, बियाणे गोळा करून बीजपेढ्यांत ठेवण्यात आले. परंतु लाव्हाच्या खडकाळ उतारांवर विखुरलेल्या हजारो झाडांना टोचत फिरणे शक्यच नव्हते.

मुंगसाची आपली शंका रास्त आहे. १८८३ मध्ये उसाच्या मळ्यांतील उंदरांसाठी मुंगूस आणले गेले आणि त्यांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी फस्त केली. १९५५ मध्ये एका गोगलगाईवर उपाय म्हणून दुसरी मांसाहारी गोगलगाय आणली आणि तिने ओआहूच्या स्थानिक वृक्षगोगलगाईंचा बळी घेतला. हे दोन्ही प्राणी मिळेल ते खाणारे होते आणि त्यांना सोडण्यापूर्वी ते आणखी काय खातील याची कसून चाचणी झाली नव्हती. २००८ च्या बाबतीत पद्धत वेगळी होती. किडीचे मूळ घर पूर्व आफ्रिकेत असल्याचा माग काढून टांझानियात तिचे नैसर्गिक शत्रू शोधले गेले. त्यांतील युरिटोमा एरिथ्रिनी या परजीवी गांधीलमाशीला आधी होनोलुलूच्या बंदिस्त विलगीकरण कक्षात ठेवून, गाठी करणाऱ्या इतर कीटकांवर ती अंडी घालते का, हे तपासण्यात आले, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये ती मोकळी सोडण्यात आली. तिची अळी एकाच गाठीतल्या अळीवर थांबत नाही. झाडाच्या ऊतीतून वाट काढत ती शेजारच्या गाठींतल्या अळ्याही खाते. त्यामुळे तिचा परिणाम झपाट्याने दिसला. पुढच्या एक-दोन वर्षांत पानांवरील गाठी लक्षणीयरीत्या कमी झाल्या आणि जी झाडे तोवर तगली होती त्यांतली बहुसंख्य सावरली.

माझ्या मते हवाईतील जैविक नियंत्रणाच्या अलीकडच्या प्रयत्नांतला हा सर्वांत यशस्वी प्रयत्न आहे. तरीही एक त्रुटी आहे आणि तीच आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे नेते: मोठ्या झाडाच्या पानांवर युरिटोमा जितकी प्रभावी ठरते, तितकी फुलांच्या घोसांवर, कोवळ्या शेंगांवर आणि लहान रोपांवर ठरत नाही. म्हणून अ‍ॅप्रोस्टोसेटस नायटेन्स या दुसऱ्या मित्रकीटकाचाही अभ्यास करण्यात आला.

पानगळ:

दोघांचेही आभार. मुंगूस आणि युरिटोमा यांना एकाच तराजूत तोलता येणार नाही, हे पटले. परंतु फुलांना आणि शेंगांना थोडी कीड राहिली म्हणून जंगलाची वाढच खुंटावी, हे अजून उमजत नाही. एक मोठे झाड दरवर्षी शेकडो बिया देत असेल, तर त्यातल्या मूठभर तरी रुजायला हव्यात.

बीजकोश:

रुजायला हव्यात हे खरे, पण त्या मुठीला वाटेत किती ठिकाणी गळती आहे ते पाहा.

पहिली गळती शेंगेतच होते. स्पेक्युलेरियस इम्प्रेसिथोरॅक्स नावाचा आफ्रिकन भुंगेरा, जो कडधान्यांना लागणाऱ्या भुंगेऱ्यांच्याच कुळातला आहे, २००१ मध्ये, म्हणजे गाठी करणाऱ्या माशीच्या आधीच, हवाईत आढळला. माशीच्या गाजावाजात तो मागे पडला, पण बियांच्या बाबतीत खरा चोर तोच आहे. विलिविलीची शेंग आखूड आणि पिळवटलेली असते आणि तीत एक ते तीन बिया असतात. चांगली बी नारिंगी-तांबडी, चकचकीत आणि नख न रुतणारी असते. भुंगेऱ्याने गाठलेल्या बीवर आधी पांढुरकी अंडी चिकटलेली दिसतात आणि नंतर छिद्रकाने पाडल्यासारखे स्वच्छ गोल भोक; एकाच बीत अशी अनेक भोके असू शकतात, आणि ती फोडली तर आत पिठाशिवाय काही उरलेले नसते. झाडाखाली पडलेल्या बिया वेचताना अशा पोकळ बियाच जास्त हाती लागतात. त्यामुळे रोपांसाठी बी घ्यायची तर शेंगा उकलू लागताच, जमिनीवर पडायच्या आत घ्याव्यात, असा तिथल्या रोपवाटिकांचा रिवाज आहे.

दुसरी गळती रुजण्यात आहे. टरफल इतके कठीण असते की कानशीने किंचित घासून रात्रभर पाण्यात भिजवल्यास बी आठवड्याभरात कोंब काढते, पण न घासलेली बी दीर्घकाळ तशीच पडून राहू शकते. निसर्गात हा दोष नव्हे. कोरड्या प्रदेशात सगळ्या बिया एकाच पावसावर उगवल्या आणि पुढचा पाऊस चुकला, तर एकही रोप उरणार नाही. मात्र पडून राहण्याचा हा काळ आता भुंगेऱ्याच्या आणि उंदरांच्या पथ्यावर पडतो.

तिसरी गळती मला सर्वांत गंभीर वाटते, कारण तिच्यावर प्रयोगशाळेत शोधून काढता येईल असा उपाय नाही. बी रुजली तरी जमिनीवर तिला जागा नाही. पूर्वी या उतारांवर झुडपे विरळ होती आणि मधली जमीन उघडी असे. आता मधली सगळी जागा फाउंटन ग्रास, गिनी गवत आणि अंजन गवत यांनी व्यापली आहे, आणि जिथे गवत नाही तिथे सुबाभूळ किंवा कियावे, म्हणजे वेड्या बाभळीची जवळची बहीण. कियावेचे पहिले झाड १८२८ मध्ये होनोलुलूत लावले गेले आणि आज कोरड्या किनाऱ्यांवर तिचेच राज्य आहे. गवताची मुळे पहिल्या पावसाचे पाणी वरच्या वर उचलतात, म्हणून रोपाच्या वाट्याला काही येत नाही. त्यातून एखादे रोप वर आलेच, तर बकऱ्या, गुरे आणि चितळ आहेत. होय, चितळच, १८६० च्या दशकात राजा पाचवा कामेहामेहा याला भेट म्हणून ते आणले गेले आणि आज मोलोकाई, लानाई आणि माउई येथे ते डोकेदुखी बनले आहेत. या बेटांवर माणसाच्या आगमनापूर्वी वटवाघूळ आणि सील वगळता सस्तन प्राणीच नव्हते. विलिविलीच्या खोडावर काटे असतात, पण चरणाऱ्या जनावराचे तोंड अडवायला ते पुरेसे नाहीत.

आणि शेवटी आग. हवाईतील कोरड्या जंगलांत स्वाभाविक वणव्याचे प्रमाण नगण्य होते, त्यामुळे तिथल्या झाडांमध्ये आगीनंतर पुन्हा उभे राहण्याची फारशी तयारी नाही. फाउंटन ग्रास मात्र जळल्यानंतर काही आठवड्यांत बुंध्यातून पुन्हा फुटते, आणि पुढचा वणवा त्याच्यावरच पोसला जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये लाहाइना शहर जळाले तेव्हा पडीक मळ्यांवर माजलेल्या अशाच परक्या गवताची चर्चा जगभर झाली. कोरड्या जंगलांवर काम करणारे लोक हीच गोष्ट कित्येक वर्षे सांगत होते. या जंगलांचा ९० टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला आहे, असा अंदाज सामान्यतः दिला जातो, आणि त्यातला फार मोठा वाटा माशी येण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

म्हणून मी स्वतः ‘विलिविली वाचले’ हे वाक्य वापरत नाही. म्हातारी झाडे वाचली. कुंपणाबाहेरच्या जंगलाची अवस्था ज्या घरात आजी-आजोबा आहेत पण नातवंडे नाहीत, अशा घरासारखी आहे, आणि अशा ठिकाणी झाडांची मोजदाद करून समाधान मानण्यात अर्थ नाही. गुडघाभर उंचीची, कुणी न लावलेली रोपे किती आहेत ते विचारावे.

माळरान:

बीजकोश यांच्या मुद्द्याला काहोओलावे बेटाचे उदाहरण जोडावेसे वाटते, कारण तिथे हे सगळे घटक एकाच ठिकाणी अतिरेकी रूपात पाहायला मिळतात. सुमारे ११६ चौरस किलोमीटरचे हे बेट माउईच्या पर्जन्यछायेत आहे आणि तिथे बारमाही ओढा नाही. आधी बकऱ्या-मेंढ्यांनी ते उघडे केले, मग १९४१ पासून १९९० पर्यंत अमेरिकी नौदलाने तिथे बॉम्बफेकीचा सराव केला. १९९४ मध्ये बेट हवाई राज्याकडे परत आले; बकऱ्यांचे निर्मूलन त्याच सुमारास पूर्ण झाले होते.

तिथे झाड लावणे म्हणजे केवळ खड्डा खणणे नव्हे. २००४ पर्यंत चाललेल्या मोहिमेत सुमारे तीन चतुर्थांश पृष्ठभागावरील न फुटलेला दारूगोळा काढला गेला, पण चार फूट खोलीपर्यंत साफ झालेली जमीन दहा टक्क्यांच्या आसपासच आहे. त्यामुळे कुठे किती खोल खणता येईल हे आधी नकाशावर पाहावे लागते. वरच्या भागातली माती वाऱ्याने आणि पावसाच्या लोंढ्यांनी वाहून गेली असून खाली तांबडा, टणक थर उघडा पडला आहे, ज्यावर पाणी मुरत नाही. अशा जागी आधी वारा आणि माती अडवण्यासाठी गवताच्या गाठोड्यांचे बांध घालावे लागतात, पावसाचे पाणी टाक्यांत साठवून ठिबकने द्यावे लागते, आणि मग झुडपांच्या आडोशाने झाडांचा विचार करता येतो. विलिविली इथे लावण्याजोगे आहे ते एवढ्यासाठी की शेंगवर्गीय असल्याने त्याच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या गाठी येतात (या गाठी उपकारक, गोंधळ नसावा) आणि कोरड हा त्याच्यासाठी अपघात नसून नेहमीचा ऋतू आहे.

लाव्हाकाठ:

‘विलिविली फुलले की शार्क चावतो’ या हवाईयन म्हणीचा उल्लेख अजून कुणी केला नाही, म्हणून करतो. ती निव्वळ कल्पना समजू नये. पानगळीनंतरचा बहर ज्या काळात येतो, त्याच सुमारास, उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरदात, वायव्येकडील दूरच्या बेटांवरून मोठ्या टायगर शार्क माद्यांपैकी काही पिले देण्यासाठी मुख्य बेटांच्या किनाऱ्यांकडे येतात, असे हवाई विद्यापीठाच्या संशोधकांनी माग घेऊन दाखवले आहे, आणि चाव्यांच्या नोंदीही ऑक्टोबरच्या आसपास वाढतात. मूळ समजूत शार्कच्या मीलनकाळाची होती, संशोधन प्रसूतीकडे बोट दाखवते. ऋतू मात्र जुन्या लोकांनी बरोबर हेरला होता. समुद्राशी या झाडाचे नाते तसेही जुने आहे. स्थानिक लाकडांत हे सर्वांत हलके, म्हणून जाळ्यांचे तरंग, होडीच्या बाजूचा तोल सांभाळणारा ओंडका आणि सरदारांच्या लांबलचक लाटफळ्या (सर्फबोर्ड) यांसाठी ते वापरले जाई. आज त्या आकाराचा सरळ बुंधा शोधूनही मिळणे कठीण आहे.

पानगळ:

सर्वांचे मनापासून आभार. एकच उपप्रश्न उरतो. कुंपण घालून, गवत काढून लावलेल्या रोपांना कायम पाणी द्यावे लागत असेल, तर ते जंगल म्हणायचे की बाग?

बीजकोश:

कायम द्यावे लागत नाही. हवाई बेटावरील वाइकोलोआ येथे कुंपणाने राखलेल्या क्षेत्रात आणि माउईवरील पुउ ओ काली येथील जुन्या विलिविली राईत जे चालते त्यावरून असे सांगता येईल की खरा खर्च पाण्यापेक्षा कुंपणाच्या डागडुजीचा आणि गवताचा आहे. रोप लहानपणीच मुळाशी आणि बुंध्याशी फुगून साठा करू लागते. हिवाळ्याच्या पहिल्या पावसावर लावून सुरुवातीचा एखाद-दुसरा उन्हाळा थोडे पाणी पुरवले, की पुढे पाणी हळूहळू तोडतात. किंबहुना पाणी तोडणे आवश्यकच असते, कारण उन्हाळ्यात ओले ठेवलेले रोप पाने टाकत नाही, सतत कोवळी पालवी काढत राहते, आणि कोवळी पालवी म्हणजे गाठी करणाऱ्या माशीला आमंत्रण. गवत मात्र त्यानंतरही दरवर्षी काढावे लागते, निदान झाडांच्या आणि झुडपांच्या सावलीने जमीन झाकली जाईपर्यंत, आणि कुंपणाबाहेर आगपट्टा मोकळा ठेवावा लागतो. बाग म्हणायचे असेल तर आपण त्याला बाग म्हणू शकता. अशा ठिकाणी लावलेल्या झाडांखाली आपोआप उगवलेली काही रोपे आता दिसू लागली आहेत, आणि ती भुंगेऱ्याच्या तावडीतून सुटलेल्या बियांची आहेत.